कावळ्यापुढं कबूल केलेला गुडघा

कारभारी,

नाय, मला वेड लागलेलं नाय. माझे कुणी कान बी भरलेले नायत. आन तुमच्या नावानं दिलेला शब्द मोडताना छातीत धस्स झालं का, तर तसलं बी काय झालं नाय. सकाळी पिठलं-भाकर खाऊन निघाले घरून. मिरची जरा जास्त पडली व्हती, तेवढीच छाती जळतीय.

तुम्ही विचारलं नाय, ठावं हाय मला. तुम्हाला जाऊन वरीस झालं. पण जित्या माणसांनी तुमच्या नावानं मला इतकं विचारलंय की आता उत्तर द्यायचंच असंल तर तुम्हालाच देते. सरळ. मधी कावळा नको मला.

चौथीपर्यंत शाळा झालीय, तेवढ्यात जमंल तसं लिहिते. काना-मात्रा चुकला तर चुकला. तुम्हाला कुठं वाचता येत व्हतं?

शहरात आलेय, जालना रोडच्या दवाखान्यात. बाकड्यावर बसलेय. आपल्या बबनच्या काजलला आत्ताच आत नेली. गुडघ्याचं ऑपरेशन हाय. व्हय, तेच. ज्याला तुम्ही मरताना नको म्हणून गेलात, तेच. दार लागलंय, येळ लागंल म्हणाले. तवर नुसतं दाराकडं बघत डोळे पुसत बसायला मी काय तुमची बहीण हाय का?

पहिल्यापासून सांगते. तुमची अर्धंच ऐकायची सवय, म्हून सगळं सांगते.

काजल आठवीत व्हती. शाळेकडून खो-खो खेळायला लागली व्हती. तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या तोंडाशी टेंगूळ आलं, सुपारीएवढं. पळाली की दुखायचं, जिना चढली की दुखायचं, गुडघा भुईला टेकला तर पोरगी ओठ चावायची. तुम्ही अंगठ्यानं दाबून बघितलं आन म्हणलात, "वारं भरलंय. डाग द्यावा लागंल."

वारं. मेंढीचा पाय सुजला तरी वारं, माणसाचा सुजला तरी वारं. आख्खा जन्म तुम्ही विळ्याचं टोक लाल करून सगळ्यांचं वारं काढत फिरलात. मेंढरांना डाग दिले, बैलांना दिले, गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना दिले. तुमच्या सोताच्या डाव्या गुडघ्यावर तर करपल्या भाकरीगत डाग व्हते. तरी लंगडायचात. मी एकदा विचारलं बी व्हतं, डागानं गुण येतो तर तुम्ही लंगडता कामून? तुम्ही म्हणलात, "डाग नसता घेतला तर उभा बी राहिलो नसतो." आता याला काय बोलावं?

त्या दिवशी तुम्ही विळा चुलीत घातला. काजल समोर पाय पसरून बसली. रडली नाय, पळाली नाय. आज्ज्यानं म्हणलं म्हून बसली. दात आवळून तुमच्याकडं बघत व्हती. त्याचाच मला राग आला. पोरगी घाबरली असती तर मी कदाचित बोलले नसते, पण तिचा इतका भरवसा बघून माझं डोकं फिरलं. आन मी घागर उचलून चुलीत ओतली. सगळा धूर. राख तुमच्या पटक्यावर. तुम्ही पुढं लई दिवस माझ्याशी बोलला नाय. भाकर सुनेच्या हातनं घ्यायचात. मी म्हणलं, घ्या. माझे हात तेवढेच मोकळे.

मंग मीच तिला शहरात घेऊन निघाले. तुम्ही येणार नव्हता, पण रिक्षात येऊन बसलात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. डॉक्टरच्या खोलीत बी काठी खाली ठेवली नाय.

डॉक्टर बारका, बबनपेक्षा बी लहान. त्यानं बोट ठेवलं, काजलनं श्वास ओढला. "काय खेळतेस?" म्हणला.

"खो-खो."

"मग दिवसभर उठाबशाच. वाटीखालची ही जी दोरी आहे ना, ती इथं हाडाला बांधलेली असते. तू उडी मारतेस, बसतेस, उठतेस, दर वेळी ती दोरी हाडाला ओढते. वाढत्या वयात ती जागा कच्ची असते. म्हणून सुजते."

तुम्ही काठी आपटली. "सुरी लावणार का?"

तो हसला. "आत्ता नाही, बाबा. वाढतं हाड आहे, त्याला छेडायचं नसतं. बहुतेक मुलांचं उंची थांबली की आपोआप थांबतं. व्यायाम सांगतो, बर्फ लावा, थोडा खेळ कमी करा. बघू."

आत्ता नाही, म्हणला तो. दोन शब्द बोलला. तुम्ही 'नाही' तेवढं उचललं आन 'आत्ता' दवाखान्यातच टाकून आलात. रिक्षातनं उतरल्यापासून पारावर, पिठाच्या गिरणीवर, मेंढरं घेऊन जाताना भेटंल त्याला सांगितलं, "डॉक्टर सोता म्हणला, सुरी लावायची नाय." लोकांनी माना हलवल्या. मी मागं उभी राहून सांगितलं, आत्ता नाय असं म्हणला. पण बाईमाणसाचा शब्द कोण ऐकतं? तुमच्या मागं तर उभं राहिलं की माणूस दिसायचंच नाय.

पण एक सांगते, पोरीनं काय कसर ठेवली नाय. भिंतीला पाठ लावून बसायचं, पाय ताणायचे, बर्फाचा खडा फडक्यात बांधून लावायचा. वाटीखाली पट्टा बांधून शाळेत जायची. तिच्या सरांनी एक आख्खा हंगाम तिला बाहेर बसवली. ती रेघेबाहेर बसून दुसऱ्या पोरींच्या चपला राखायची. तरी दुखणं हाय तिथंच. थोडं कमी व्हायचं, खेळायला उतरली की परत उठायचं. असं तीन वर्सं.

तुम्हाला तिचा खेळ आवडत व्हता, हे मी कुणाला सांगायची गरज नाय. तोंडानं कधी बोलला नाय. पण शहरात छावणीकडच्या त्या शाळेच्या मैदानात सामना व्हता तवा मेंढरं कुणाच्या तरी गळ्यात मारून तुम्ही आलातच. तारेच्या कुंपणाला तोंड लावून उभे. खेळाचं एक अक्षर कळत नव्हतं. समोरच्या शाळेच्या पोरीला ओरडून सांगत व्हता, "डावीकडून घाल, डावीकडून." ती पोरगी बिचारी गोंधळून तुमच्याकडंच बघायला लागली आन बाद झाली. तिचे सर तुम्हाला हाकलायला आले.

"म्हाताऱ्या, कुणाचा हाईस तू?"

"जी पळतीय तिचा," म्हणलात.

तेवढं एक वाक्य तुमचं माझ्याजवळ हाय. बाकीचं सगळं तुम्ही घेऊन गेलात.

त्याच मैदानात दुसऱ्या वर्षी ते झालं. काजल रांगेत बसलेली. मागनं पोरीनं पाठीवर थाप मारून खो दिला. आन काजल उठलीच नाय. उठायला गेली, गुडघ्यानं घातच केला. मागची पोरगी तिच्या अंगावर आदळली. सगळं मैदान थांबलं. शिट्टी वाजली. काजल तशीच हातावर टेकून बसलेली, मान खाली. तुम्ही कुंपणाशी व्हता. तिला रिक्षात घालून गावाला, शेंद्र्याला आणलीत. घरी येऊन तिच्या गुडघ्याला तेल लावलंत, तिला झोप लागंस्तवर.

मंग मला सांगा, जे डोळ्यानं बघितलं व्हतं, ते बघून बी मरताना तसं कामून बोललात? बबनचा हात धरून. आवाज निघत नव्हता, तरी तेवढं बरं नीट निघालं. "पोरीच्या पायाला सुरी लावू देऊ नका."

मला ठावं हाय कामून. दगडूभावजींचा पाय.

तुमचा धाकटा भाऊ बाभळीवरून पडला, मेंढरांना पाला तोडताना. तुम्ही सगळे भाऊ जमलात, पाय ओढलात, पाला वाटून लावलात आन बांबूच्या काड्या लावून करकचून बांधलात. भावजी ओरडत व्हते, सैल करा म्हून. तुम्ही म्हणलात, बांधलेलं सोडायचं नसतं. बोटं काळी पडली तवा उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पाय कापला. तुम्ही जन्मभर सांगत राहिलात, "डॉक्टरनं माझ्या भावाचा पाय खाल्ला."

कापला डॉक्टरनं, व्हय. पण काळा कुणी केला व्हता?

हे मी तुम्ही जिते असताना बोलले नाय. तुमचं तोंड बघवलं नसतं. आता बोलते, कारण आता तो पाय माझ्या नातीच्या वाटेत आडवा आला. तुमचं दुःख मोठं व्हतं, मी नाय म्हणत नाय. पण तुमच्या दुःखाचं ओझं काजलनं कामून उचलायचं? तिनं तर दगडूभावजींना बघितलं बी नाय.

तुम्ही गेलात. दहा महिन्यांनी परत नेली तिला. बबन बी आला. त्याच डॉक्टरनं फोटो काढला, उजेडावर धरून दाखवला. म्हणला, "हिची वाढ आता थांबली. हाड पक्कं झालं. पण इथं बघा, एक तुकडा सुटाच राहिला, जुळलाच नाही. हरभऱ्याएवढा. हाच दोरीत टोचतो. थोड्या मुलांचं असं होतं. व्यायामानं जायचं असतं तर एव्हाना गेलं असतं. आता काढता येईल."

काजल म्हणली, "काढला की खेळता येईल?"

"बहुतेक येईल. पक्कं मी सांगणार नाही. पाच-सहा महिने मैदान विसरायचं. व्यायाम चुकवायचा नाही. आणि काही जणांना गुडघा टेकवला की नंतरही थोडं दुखतं, ते आधीच सांगून ठेवतो."

मला तो माणूस आवडला. साखर लावून बोलला नाय. बबननं मान हलवली. त्याच्या कंपनीच्या विम्यात बसत व्हतं, तारीख ठरली. सगळं नीट चाललं व्हतं. आन मधी तुमचं वर्षश्राद्ध आलं.

सिल्लोडहून सखूवन्सं आल्या. तुमची थोरली बहीण, आल्या म्हणजे काय, घरात सासूच आली. पुरण नीट वाटलं नाय, वडे तेलकट झाले, सुनेचा पदर पडतो. मी ऐकून घेतलं. दुपारी पान वाढून मेंढवाड्याच्या दगडी कुडावर ठेवलं. सगळे हात जोडून उभे. बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली येईना.

ऊन वाढलं. वरण वाळायला लागलं. वन्सं म्हणल्या, "त्याचं मन कशात तरी आडकलंय. बबन, बोल काय तरी."

बबन म्हणला, "आबा, मेंढरं विकणार नाय." कावळा नाय.

"आबा, आईला सांभाळीन." कावळा नाय.

मी म्हणले, "मला कुणी सांभाळायला दिलेलं नाय. पुढं चल."

वन्संनी डोळे मोठे केले. "पोरीच्या पायाचं बोल. मरताना तेच बोलला व्हता तो."

बबनचं तोंड उतरलं. काजलकडं बघितलं त्यानं. मंग एक पाऊल पुढं झाला, हात जोडले आन म्हणला, "आबा, काजलच्या पायाला सुरी लावू देणार नाय. कबूल." आन कावळा आला. पानात चोच घातली. वड्याचा तुकडा घेऊन गेला.

सगळे रडायला लागले. वन्सं तर भुईला बसल्या. मी रडले नाय, कारण मी खाली बघत व्हते. कुडाच्या सावलीत, पानाच्या बरोबर खाली आपला वाघ्या लोळत पडला व्हता. सगळा येळ. बबननं पाऊल टाकलं ते त्याच्या शेपटीवर. कुत्रं केकाटून उठलं आन गेलं निंबाखाली. ते गेलं म्हून कावळा उतरला. भरल्या पानाखाली कुत्रं असंल तर कुठला कावळा येईल? मेंढक्याच्या घरात जन्म गेला आन एवढं कुणाला दिसू नये?

मी तिथंच म्हणले, "कुत्रं उठलं म्हून आला."

वन्सं म्हणल्या, "शेवंते, वरीसभरात तुला नवऱ्यापेक्षा कुत्रं जवळचं झालं का गं?"

"कुत्रं जे करतं ते मी डोळ्यानं बघितलं, वन्सं. तुमच्या भावाला मी तिथं बघितलं नाय."

जेवणं झाली कशीबशी.

आता एक विचारते. समजा मी चुकले. समजा कुत्र्याचा काय संबंध नव्हता आन तुम्हीच आला व्हता. मंग बबन मला सांभाळीन म्हणला तवा कामून आला नाय? चाळीस-बेचाळीस वर्सं तुमच्या मागं पालं उचलून रानोरान हिंडले. पावसात, थंडीत, बबन पोटात असताना. तुमचा जीव आडकायचाच व्हता तर एक डाव माझ्यात आडकला असता. गुडघ्यातच आडकला व्हय?

म्हून म्हणते, कुत्रंच व्हतं. कुत्रं व्हतं असं मानलं की मला तुमच्यावर रुसावं लागत नाय.

बबननं दवाखान्यात फोन करून तारीख मोडली. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणला, "आई, मी बापाला शब्द दिलाय."

मी म्हणले, "गुडघा तुझा हाय का तुझ्या बापाचा?"

"तुला भीती नाय वाटत का गं?"

"वाटती. पोरगी जन्मभर रेघेबाहेर चपला राखत बसंल याची वाटती."

तो उठून गेला. बापावरच गेलाय, भांडण झालं की मेंढरांकडं जायचं.

दोन-तीन दिवसांनी मी भाकरी थापत असताना काजल माझ्याजवळ येऊन बसली. पाय लांब करून, कारण मांडी मोडून बसता येत नाय. म्हणली, "आज्जी, आजोबा मला लई आवडायचे."

"मला ठावं हाय."

"त्यांनी डाग द्यायचा म्हणल्यावर मी पाय पुढं केला व्हता. आता बी केला असता. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं आन पप्पांनी बी नाय विचारलं. सगळ्यांनी कावळ्याला विचारलं."

"मंग मी विचारते. करायचं का ऑपरेशन? डॉक्टर पक्कं सांगत नाय. नंतर बी दुखू शकतं."

"करायचं."

"आन नाय जमलं तर?"

"तर मी म्हणीन, मी करून बघितलं."

भाकर तव्यावर करपली तेवढ्यात. मी ती करपलेली तशीच खाल्ली.

आता सही कुणी करायची? पोरीला अठरा पूर्ण नाय, आई-बापापैकी एकाची लागते. बबन तर बोलायलाच तयार नाय. मला वाटलं इथं गाडं आडलं. आन आपली मंगल, जी या घरात आल्यापासून तुमच्यासमोर पदर सारखा करण्यापलीकडं काय बोलली नाय, ती भांडी घासता घासता म्हणली, "आत्या, कावळ्यापुढं ते कबूल झाले. मी नाय झाले. मी तवा आत पुऱ्या तळत व्हते."

कारभारी, सून तुम्ही निवडली व्हती, मला पसंत नव्हती, लई गप हाय म्हून. तेवढं तुमचं बरोबर निघालं. घ्या.

मंगलनं फोन केला, नवी तारीख घेतली. बबनला सांगूनच केलं, चोरून काय नाय. तो म्हणला, "मी अडवणार नाय, पण मी सही करणार नाय."

मंगल म्हणली, "तुमची मागितली कुणी?"

आज सकाळी आम्ही तिघी बायका निघालो तर हा पठ्ठ्या रिक्षा घेऊन दारात उभा. शब्द बी मोडायचा नाय आन पोरीला बसमधनं बी जाऊ द्यायचं नाय. वाटेत वन्संचा फोन आला. त्यानं माझ्याकडं दिला. वन्सं म्हणल्या, "काय वाईट झालं तर कुणाच्या माथी?"

"माझ्या," म्हणले. "तुमच्या भावाच्या नाय, कावळ्याच्या नाय, डॉक्टरच्या बी नाय. माझ्या. आता ठेवू का? गाडीत ऐकू येत नाय." ऐकू चांगलं येत व्हतं.

आत्ता बबन खालनं चहा घेऊन आला. माझ्याशेजारी बसला. बशीत ओतून मला दिला. म्हणला, "आई, आबांना काय वाटत आसंल?"

मी म्हणले, "बबन, तुझे आबा गेले. त्यांना वाटायचं थांबलं. वाटतं ते आपल्याला."

तो रडला मंग. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाय, मोठा घोडा झालाय. पण उठून बी गेले नाय. त्याचा चहा गार झाला, तो बी मीच प्याले.

मला तुमची याद येत नाय असं वाटंल तुम्हाला हे ऐकून. काठी अजून दाराआड हाय. मी ती कुणाला देत नाय. बाकी यावर बोलून काय करायचं.

डॉक्टर येऊन गेला आत्ता. हिरवी टोपी तशीच डोक्यावर. आमच्या तिघांसमोर उभा राहून नीट समजावून सांगितलं. मंगलनं दोन प्रश्न विचारले, बबननं एक. मी नुसतं ऐकलं. काजल अजून गुंगीत हाय, थोड्या येळानं भेटू देणार.

शब्द देते तुम्हाला एक, आन हा माझा, कुणी माझ्या तोंडात घातलेला नाय. उद्यापासून तिचा व्यायाम मी घेणार. ती कंटाळली तरी, रडली तरी, मला म्हातारी-खवीस म्हणली तरी. पाय उचल म्हणजे उचल. डॉक्टर म्हणंस्तवर मैदानाकडं बघू देणार नाय, आन म्हणला की घरात बसू देणार नाय. आन पुढं तिला खेळता आलं का नाय, दुखायचं राहिलं का नाय, याच्यावरनं मी बरोबर का तुम्ही बरोबर असलं गणित मी घरात कुणाला मांडू देणार नाय. तिला विचारलं, ती हो म्हणली. बरोबर ते तिथंच झालं.

डॉक्टर काय म्हणला, ते तुम्हाला ऐकायचं असंल. कान लावून बसला असाल. पण तुम्ही अर्धंच ऐकाल, आन सोयीचं तेवढं उचलून तिकडं भेटंल त्याला सांगत सुटाल. म्हून नाय सांगत.

नाय म्हणजे नाय. विचारू नका.

शेवंता